तिसरी घंटा आणि वायपरची मोटर

परवा संध्याकाळी पौड फाट्याला एका माणसाने मला वाट दिली आणि ती गोष्ट अजून डोक्यातून जात नाहीये. पाऊस धड पडत नव्हता, धड थांबतही नव्हता. वायपर चालू केला की कोरड्या काचेवर कर्रर्र आणि बंद केला की समोरचं सगळं धूसर. मी गल्लीतून मेन रोडला यायला बघत होतो, म्हणजे गाडीचं नाक बाहेर काढून बसलो होतो आणि कोणी थांबायला तयार नव्हतं, मागचा रिक्षावाला मात्र मीच सगळा ट्रॅफिक अडवलाय अशा थाटात हॉर्न वाजवत होता. तेवढ्यात एका जुन्या करड्या गाडीने डिपर मारला. आता आपल्याकडे डिपर मारणं म्हणजे 'मी येतोय, मध्ये कडमडू नकोस', त्यामुळे मी ब्रेक दाबून गप्प. तर त्या माणसाने आतून हाताने 'या, या' केलं, पंगतीत सरकून जागा करून देतात ना, तसं. मी घुसलो, आणि घुसता घुसता आभाराचा म्हणून हात वर केला. पुढच्या सिग्नलला ती गाडी शेजारी येऊन थांबली, काच खाली आली, "काय झालं? हात कशाला दाखवला?" मी म्हटलं, "अहो, थँक्यू म्हणत होतो." त्याने दोन सेकंद माझ्याकडे बघितलं, यात काही फसवाफसवी तर नाही ना अशा नजरेने, मग "बरं, बरं" म्हणाला आणि काच वर गेली.

एवढंच.

पण घरी येईपर्यंत मी त्याच विचारात. गाडी घेताना सेल्समनने किती काय काय दाखवलं होतं. पट्टा लावला नाही तर ओरडते, दार नीट लागलं नाही तर सांगते, मागे भिंत आली तर टूंटूंटूं करते, पेट्रोल किती किलोमीटर पुरेल त्याचा हिशोब देते. सगळं बोलणं आतल्या माणसाशी. चार फुटांवरच्या माणसाशी बोलायला मात्र एक हॉर्न, एक डिपर आणि आपला हात, आणि या तिन्हींचा अर्थ आपल्या गावात एकच लागतो, तो म्हणजे भांडण. मग मी जेवताना बायकोला माझी योजना सांगितली. मागच्या काचेला आतून एक छोटी एलईडी पट्टी, स्टिअरिंगवर एक बटण, दाबलं की अक्षरं सरकत जाणार : 'आभारी आहे.' बायको म्हणाली, एवढ्यावर थांबेल तो पुणेकर कसला, खाली बारीक अक्षरात येईल, 'याचा अर्थ पुढच्या वेळी आम्ही थांबू असा नाही.' मग आमची यादीच सुरू झाली. 'चूक माझीच होती' याला एक बटण, पण ते कंपनीने दिलं तरी कोणी दाबणार नाही, सीलबंदच राहील. 'इंडिकेटर चालू राहिलाय काका' याला एक, ते मात्र आठवड्यात झिजेल. आणि पार्किंग शोधत पंधरा मिनिटं फिरणाऱ्यासाठी 'निघताय का?' असा एक बोर्ड, केविलवाण्या पिवळ्या रंगात.

बरं, ही हौस माझ्या एकट्याची नाही. ४१४१ नंबर घेऊन त्यातल्या इंग्रजी चाराला वाकवून 'दादा' करणारे आपल्याकडेच झाले, २१४ चा 'राम' आणि ४९१२ चा 'पवार' करणारेही. नंबर प्लेटसारख्या रुक्ष सरकारी पत्र्यावर ज्याला स्वतःचं काहीतरी बोलायचंय त्याची तगमग मला समजते, नियमात बसत नाही हा भाग वेगळा. आणि हॉर्नचं म्हणाल तर केंद्रीय मंत्र्यांनीच आपल्याला मागे टाकलंय. गडकरींनी २०२१ मध्ये नाशिकच्या कार्यक्रमात सांगितलं होतं की हॉर्नमध्ये भारतीय वाद्यांचे आवाज असावेत, बासरी, तबला, व्हायोलिन, पेटी वगैरे, आणि ॲम्ब्युलन्सच्या भोंग्याऐवजी आकाशवाणीची ती सकाळची धून. लोक हसले होते. मी पण हसलो होतो, पण नंतर चांदणी चौकात अडकलो की मनात तेच वाजायला लागलं. समजा खरंच झालं. सकाळचे साडेनऊ, पुढे कंटेनर, मागे दोनशे गाड्या. प्रत्येक कंपनीची पट्टी वेगळी असणार, कुणाची काळी एक, कुणाची पांढरी चार, बसचा मृदंग, टू-व्हीलरवाल्यांच्या बासऱ्या. कोणीतरी आधी तंबोरा लावून द्यायला पाहिजे, नाहीतर शिव्या पण बेसूर निघतील. आणि आकाशवाणीची धून, वॉल्टर काउफमन नावाच्या युरोपातून आलेल्या माणसाने १९३६ च्या सुमाराला बांधलेली, शिवरंजनी रागातली. ती धून मागून आली तर पन्नाशीपुढची माणसं बाजूला होतील का मला शंका आहे. ती गाडी थांबवतील, शाळेत जायच्या आधीचा अंधार, बंबाचा धूर, चहा, सगळं आठवून डोळे पुसत बसतील, आणि ॲम्ब्युलन्स मागेच.

तर हे सगळं सांगायला मी नाना पेठेत मित्राकडे गेलो. त्याचं गाडीच्या ॲक्सेसरीजचं दुकान आहे, दुकान म्हणजे एक शटर, आत सीट कव्हरचे गठ्ठे, बाकी सगळा धंदा बाहेर रस्त्यावर. हा माणूस कॉलेजात आमच्या एकांकिकांना लाईट करायचा. पुरुषोत्तम करंडकाच्या स्पर्धेला भरत नाट्य मंदिरात आम्ही स्टेजवर, बाहेर पोरं 'आव्वाज कुणाचा' करून घसा फोडतायत आणि हा विंगेत डिमरवर बोटं ठेवून घामाघूम. आता तो गाडीत लाईट लावतो. मी गेलो तेव्हा एका नव्याकोऱ्या एसयूव्हीत अर्धा आत अर्धा बाहेर असा पडला होता. प्लास्टिकच्या चपट्या पट्टीने त्याने खांबाचं कव्हर हळूच उचकटलं, टक् टक् करत क्लिपा सुटल्या, दाराचं रबर बाजूला घेतलं, आणि केसासारखी बारीक लाईटची पट्टी डॅशबोर्डच्या फटीत अंगठ्याच्या नखाने इंच इंच दाबत नेली. वायर फ्यूज बॉक्सपर्यंत. गाडीचा मालक डोक्यावर उभा, पाचपाचदा विचारत होता, "वायर कट नाही ना करत? वॉरंटी जाईल." "कपलर टू कपलर आहे साहेब." मग दार लावून घेतलं, चालू केलं, आणि भर दुपारी त्या गाडीत जांभळी संध्याकाळ झाली. मालकाचा चेहरा बघण्यासारखा होता. मित्र माझ्या कानात म्हणाला, "अजून एक बघ." दार उघडलं तर खाली डांबरावर कंपनीचा लोगो पडला, गोल, झगझगीत. त्याला वेलकम लाईट म्हणतात. "हिरोची एंट्री आहे रे ही. कॉलेजात दुसरं काय करायचो? तेव्हाचा हिरो पायी यायचा इतकंच."

मी त्याला माझी आभाराची पट्टी सांगितली. त्याने ऐकून घेतलं, धंदेवाईक गंभीरपणे, आणि म्हणाला, "बनेल. पण कोण घेणार? गिऱ्हाईक स्वतःचं नाव लावायला पैसे देतं, दुसऱ्याचे आभार मानायला कशाला देईल?" मग मी त्याला जपानच्या केन्जी कावाकामीचं सांगितलं. या गृहस्थांनी चिंदोगु म्हणून प्रकार काढला, म्हणजे अशा वस्तू ज्या चालतात, काम करतात, पण वापरायला गेलं तर लाज वाटेल. बुटांच्या टोकाला लावायच्या पिटुकल्या छत्र्या, लिपस्टिकसारखी फिरवून पावाला लावायची लोण्याची कांडी. त्याचे नियमही आहेत, वस्तू प्रत्यक्षात बनवलेली पाहिजे, नुसती कल्पना चालत नाही, आणि मुख्य म्हणजे ती विकायची नाही, पेटंटही घ्यायचं नाही. मित्र सगळ्याला मान डोलवत होता, 'विकायची नाही' ला थांबला. "मग भाडं तो जपानी भरणार का माझ्या शटरचं?"

त्याचं बरोबर आहे, पण मोठ्या कंपन्यांनी असले उद्योग भरपूर केलेत, आणि विकायलाही काढलेत. १९५६ मध्ये क्रायस्लरने गाडीत चक्क रेकॉर्ड प्लेअर दिला होता. डॅशबोर्डखाली बाहेर येणारा, सात इंची खास तबकड्या, मिनिटाला सोळा पूर्णांक दोन तृतीयांश फेरे, म्हणजे घरच्या प्लेअरवर त्या चालणार नाहीत आणि घरच्या तबकड्या यात चालणार नाहीत. काही वर्षांतच गुंडाळला. पण मला ती कल्पना फार गोड वाटते. धावत्या गाडीत सुई खोबणीत टिकेल असा विश्वास असायला त्या इंजिनिअरांनी केवढे गुळगुळीत रस्ते बघितले असतील! आपल्याकडे सिंहगड रोडला 'ज' म्हटल्यावर सुई थेट भैरवीवर जाईल. उलट आपण रस्त्यालाच वाजवायला पाहिजे. तेही झालंय म्हणा, कॅलिफोर्नियात लँकेस्टर गावात २००८ मध्ये डांबरावर खाचा पाडल्या, त्यावरून गाडी ठराविक वेगाने गेली की टायरखालून धून वाजते. खाचांमधल्या अंतराचा हिशोब चुकला आणि धून बेसुरी निघाली. ती बेसुरी धून रात्रंदिवस ऐकून जवळचे रहिवासी वैतागले, तक्रारी झाल्या, रस्ता बुजवला, मग लांब दुसरीकडे नेऊन पुन्हा तशाच खाचा पाडल्या. हे वाचून मला लँकेस्टर एकदम आपलं वाटलं. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये साध्या स्पीड ब्रेकरवर दीड तास चर्चा होते.

आता नाट्यगृहाचं. कारण डोकं एकदा असं चालायला लागलं की गाडीत थांबत नाही. सवाई गंधर्व महोत्सवात गाणं ऐकायला बसलो की माझी एक जुनी अडचण आहे, मला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कळत नाही. म्हणजे द्रुतमध्ये, जलद लयीत, कळते, टाळ्या पडतात त्यावरून. पण विलंबित, म्हणजे संथ, एकतालाचं एक आवर्तन मिनिटभर चालतं आणि त्या मिनिटात मी तीन ठिकाणी मान हलवून बसतो, शेजारचे जाणकार काका एकदाही हलत नाहीत, आणि मग अचानक एका क्षणी आख्ख्या मंडपाच्या माना एकदम पडतात, माझी तेवढी वर असते. त्यावर उपाय म्हणजे सम दाखवणारी उशी. भारतीय बैठकीवर नेतोच आपण उशी, तिच्यात एक छोटी मोटर, मोबाईलच्या व्हायब्रेशनची, समेच्या आधी एक मात्रा हलकेच ढोसणार. शेजारच्याला कळणारही नाही. महागड्या मॉडेलमध्ये 'व्वा' कुठे म्हणायचं आणि 'क्या बात है' कुठे, याची वेगळी खूण. आणि असलं काही अगदीच नवीन नाही, १९५९ मध्ये अमेरिकेत एका भयपटासाठी थिएटरच्या खुर्च्यांखाली खरोखर मोटरी बसवल्या होत्या, नेमक्या प्रसंगाला खुर्ची थरथरायची. पुढच्याच वर्षी आणखी एकाने नळ्यांतून खुर्च्यांपर्यंत वास सोडायची यंत्रणा लावली. वास सुटताना फुस्स आवाज यायचा आणि बाल्कनीत वास पोचेपर्यंत पडद्यावर पुढचा प्रसंग चालू. आपल्याला त्याची गरज नाही. मराठी नाटकात मध्यंतराच्या दहा मिनिटं आधी कँटीनचा बटाटेवडा तळायला पडतो, आणि स्टेजवर कोणी मरत असलं तरी प्रेक्षागृहात त्याचा वास पसरतो, मागच्या रांगांना आधी, पुढच्यांना उशिरा. फुकटात.

हे असं घोळवताना मला एक लक्षात आलं. गाडीसाठी मला जे जे सुचतं ते सगळं बाहेरच्यांनी बघावं, ऐकावं म्हणून सुचतं, आणि नाट्यगृहासाठी जे सुचतं ते, उशी सोडली तर, सगळं शेजाऱ्याला आवरण्यासाठी. ज्याचा फोन वाजेल त्याची खुर्ची आपोआप मिटावी, वेफर्सचं पाकीट उघडणाऱ्यावर स्पॉट पडावा, लाईटवाल्याने इमानदारीत तो धरून ठेवावा. गाडीत बसलेल्या माणसाला प्रेक्षक हवा असतो आणि प्रेक्षकात बसलेल्याला स्टिअरिंग. मित्राला हे सांगितलं तर म्हणाला, "तू विंगेत बसायला पाहिजे होतंस, तिथे दोन्ही नसतं."

आणि खरं तर रस्त्यावर प्रेक्षक आहेतच, खेळही आहे. विद्यापीठ चौकात मागे एकदा सिग्नलला एक मुलगी आली, दहा-अकरा वर्षांची असेल, गालावर मिशी काढलेली काजळाने. लोखंडी कडं घेऊन गाड्यांच्या समोर मोकळ्या पट्ट्यात उभी राहिली, आधी दोन कोलांट्या, मग कड्यातून एक खांदा, मान, दुसरा खांदा, कंबर, असं अंग बारीक करत करत पूर्ण बाहेर. सिग्नलचे आकडे उलटे पळत होते आणि तिने ते आकड्यांकडे बघत बेतलेलं होतं, चौदा उरले तेव्हा खेळ संपवून ती काचांपाशी आली. इतकं चोख टायमिंग मी भल्याभल्या एकांकिकांत बघितलेलं नाही. आणि तिला येताना बघून आमच्या रांगेतल्या काचा एकेक करत वर गेल्या. माझी आधीपासून वरच होती, एसी चालू होता. सुटे शोधेपर्यंत हिरवा पडला. त्यानंतर बरेच दिवस मला गाडीत काही लावायचं सुचलं नाही. पैसे द्यावेत की देऊ नयेत यावर आमच्याकडे दोन्ही बाजूंनी बोलणारे आहेत, मीही दोन्ही बाजूंनी बोललोय, पण तो खेळ होता आणि तो मी बघितला होता, तिकीट न काढता, हे काही त्या वादात मिटत नाही.

मित्राला हे सांगितलं तेव्हा तो काहीच बोलला नाही. मग त्याने त्याच्या लहानपणचं काढलं. पेठेत वाढलेला माणूस, मंडळाच्या हलत्या देखाव्यांवर हात काळे करून शिकलेला. त्यांच्या मंडळाचा तो राक्षस, तलवार उगारणारा, त्याच्या खांद्यात भंगारातून आणलेली वायपरची मोटर होती. "वायपरच्या मोटरइतकी गरीब मोटर नाही," तो म्हणाला, "बारा व्होल्टवर चालते, आत गिअर असतो म्हणून हळू फिरते, पण जोर बघ केवढा. नुसती गोल फिरते, तिला एक दांडी जोडली की जा-ये करायला लागते. काच पुसायची तर काच पूस, तलवार उगारायची तर तलवार." हे सांगताना त्याने काउंटरखालून एक जुनी मोटर काढलीच, काळी, ग्रीसने माखलेली, दोन वायरी बॅटरीला टेकवल्या आणि ती घूंऽऽ करत फिरायला लागली, त्याने टोकाला बोट लावून ठेवलं तरी थांबेना. तर एका वर्षी चौथ्या-पाचव्या दिवशी दांडीचा नट ढिला झाला. रात्रीची गर्दी, निवेदन चालू, देवी प्रकट झाली, लाल लाईट, आता तलवार उगारली जाणार, आणि राक्षसाचा हात काही वर जाईना, नुसता खांदा उडायला लागला. 'मला काय त्याचं' असा. पुन्हा पुन्हा. गर्दी एवढी हसली की पुढचे शो बघायला लोक ओळखीच्यांना घेऊन आले. कार्यकर्त्यांत रात्री दोन वाजता भांडण, नट आवळायचा की नाही. शेवटी अध्यक्षांनी आवळायला लावला, देवीचा अपमान होतो म्हणून, आणि याला अजून त्याचं वाईट वाटतं.

त्या दिवशी मी त्याच्याकडून खरं म्हणजे पायपुसण्यांचा सेट घ्यायला गेलो होतो, तो घेतला. पण निघताना म्हटलं, एक वस्तू मला खरंच करून दे. आमच्या घरी बाहेर पडायचं म्हटलं की मी खाली पार्किंगमध्ये गाडीत, बायको लिफ्टपाशी, आई अजून वर, आणि मी हॉर्न वाजवला की तळमजल्यावरचे आजोबा खिडकीत. हॉर्न नको. नाटकाला असते तशी घंटा पाहिजे. पहिली झाली की पर्स, चष्मा, औषधं. दुसरी झाली की कुलूप. तिसरी झाली की पडदा वर, गाडी निघाली. आवाज मृदू पण तिसऱ्या मजल्यापर्यंत जाणारा. मित्राचे डोळे चमकले, त्याच्याकडे कोणीतरी जुन्या दुकानातून दिलेली पितळी घंटा पडलेलीच होती. डिकीत बसवली, तिच्यावर ठोका घालायला अर्थात वायपरची मोटर, रिमोट मला. इंजिन बंद असतानाच वाजेल असं वायरिंग केलं, म्हणजे रस्त्यावर कोणी अडवायला नको. पैसे घेतले नाहीत, ही विकायची नाही म्हणाला, तुझ्या त्या जपान्याला कळव.

शनिवारी यशवंतराव नाट्यगृहात रात्री साडेनऊचा प्रयोग होता. पावणेनऊला मी खाली जाऊन डिकी उघडली आणि पहिली दिली. घुमली बऱ्यापैकी. आजोबा खिडकीत आलेच, पण या वेळी हात जोडून, त्यांना वाटलं आरती आहे. दुसरीला बायको खाली आली, हसत होती. तिसरी दिली, गाडीत येऊन बसलो, काहीच नाही. मग वरून गॅलरीतून आईचा आवाज, अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल असा : "वाजव तू! साडेनऊचं नाटक पावणेदहाच्या आधी सुरू झालंय का कधी? गॅस बघून येते."